टाकीचा नळ

आमच्या केजच्या गृहनिर्माण सोसायटीत शेजारी एक मामी राहत. त्यांच्या कमरेला कायम पाना खोचलेला असे. दुष्काळात कुणाचा नळ ठिबकताना ऐकला, की त्या न विचारता आत शिरत. "कावून ठिपकू देता? वायसर गेलंय की!" म्हणत नळातलं रबरी वॉशर स्वतःच बदलून टाकत. मला त्यांची जरा धास्तीच वाटे.

एका सकाळी टँकरनं सोसायटीची टाकी नुकतीच भरली होती आणि टाकीच्या तळाचा नळ मुळातून निखळला. पाणी धो धो अंगणात! पुढचा टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. आम्ही नुसते ओरडत होतो. मामी धावत आल्या आणि भोकावर तळहात दाबून बसल्या.

"माजी चप्पल काप बाई, लवकर!"

मी विळीनं त्यांच्या नव्याकोऱ्या चपलेची टाच कापली. मामींनी ती चिंधीत गुंडाळली, भोकात घातली आणि दगडानं ठोकून बसवली. पाणी थांबलं!

आम्ही टाळ्या वाजवल्या, तर मामी कडाडल्या, "टाळ्या काय वाजवता? सांडलेलं भरा, झाडांला व्हईल!"

मग वकील, मास्तर, आम्ही बाया, सगळेच वाट्या घेऊन हसत हसत चिखलात बसलो. मी मुद्दाम मामींना खेटून बसले.