मिस्टर पापाकुऱ्याला असतात

न्यूझीलंडच्या लोअर हटमधल्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरी मी त्यांची नऊ वर्षांची मुलगी सांभाळायचे. माझ्या आधी चौघी येऊन गेल्या होत्या. मुलीनं चौघींबद्दल धडधडीत खोटं सांगून त्यांना घालवलं होतं. शेवटी ते उघडकीला आलं आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी निकाल दिला: आता आणखी एक खोडी, की पाचगणीचं बोर्डिंग. आजी बोलल्या की करतात, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं.

माझी मुलाखतही आजींनीच घेतली. "मिस्टर काय करतात?"

"पापाकुऱ्याला असतात," मी म्हटलं. ते खरंच तिथे, ऑकलंडजवळ, राहतात. फक्त माझे मिस्टर राहिलेले नाहीत. पण घटस्फोट झालेल्या बाईच्या हाती आजी नात देणार नाहीत, हे मी पाहताक्षणी ताडलं होतं, आणि नोकरी तर हवीच होती. ट्रंकेतलं मंगळसूत्र काढून रोज घालू लागले.

आजींना जुन्या ब्रिटिश सिनेमांचं वेड. एका शनिवारी दुपारी त्यांनी आम्हाला एक दाखवला. मोठं घर, हट्टी आजी, आगी लावत सुटलेली नात आणि स्वतःचा भूतकाळ लपवून कामाला आलेली गव्हर्नेस. आजींना त्यातली बाग आवडली. नात मात्र पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. सोमवारी तिनं माझी पर्स उपसून कोर्टाचा कागद शोधला.

"आय नो युअर सीक्रेट, मावशी," टोस्टला लोणी लावत ती म्हणाली. तिनं जॅम मागितला. मी दिला. पुढे आठवडाभर ती कुणाला काही बोलली नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. जानेवारीचा उन्हाळा, जरीच्या साड्यांतल्या पंधरा बायका आणि दारात जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. उखाणे सुरू झाले. तीन वर्षं ज्या माणसाचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, ते यमकात बसवून लाजत म्हणायची माझी पाळी आली.

"अगं, घे की नाव!" आजी म्हणाल्या.

तेवढ्यात स्मोक अलार्म कोकलला. सगळ्या बायका लॉनवर पळाल्या. आत पोरगी झाडूच्या दांड्यानं अलार्मचं बटण दाबून उभी होती.

"झालं. पाचगणी," आजींनी लॉनवरच जाहीर केलं. का केलंस, असं आईनं तिला दोनदा विचारलं.

"माझ्यासाठी केलं तिनं," मी म्हटलं. "माझा घटस्फोट झालाय. मला नाव घ्यायचं नव्हतं." आणि मंगळसूत्र काढलं. हुक अडकला, त्यामुळे जरा वेळ लागला. पंधराही जणी थांबून बघत होत्या.

आत आल्यावर आजींनी मला वगळून पुढच्या बाईला कुंकू लावलं. मला ते लागलं. फार लागलं. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "आई, बोर्डिंगचं आता काढू नकोस." मग माझ्याकडे वळून, "सोमवारी साडेसातला या. माझी सकाळची ड्युटी आहे."

पोरगी मात्र दिवसभर माझ्याशी बोलली नाही. निघताना दारापर्यंत आली, ती भांडायलाच.

"व्हाय डिड यू टेल देम?" ती म्हणाली. "आय हॅड ऑलरेडी डिसायडेड टु गो."