स्लॅबखालचा धुरा

कुडव्यात आमचं घर आहे, तिथं पूर्वी बाबांचं भाताचं शेत होतं, धानाची बांधी. अंगणातला काँक्रीटचा स्लॅब एका बाजूनं खचला, तिथंच अडखळून बाबा पडले आणि नंतर उंबऱ्याबाहेर येईनात. मोहल्ला म्हणे, फोडा आणि नवा टाका. मोहल्ल्याचं काय जातं.

खचलेला स्लॅब वर उचलून देणारा माणूस आला आणि आधी चपला काढल्या. टाच ठोकत अंगणभर फिरला, मध्येच थांबला.

"इथं धुरा होता का जी?"

"होता," बाबा दारातून म्हणाले. "बांधीचा बांधच तो."

"मंग फोडता कायले? धुऱ्यावरचा भाग जागीच आहे. बाजूचा भराव बसला, सिलाप त्याच्यासंगं गेला."

मला तिथं अंगण दिसत होतं. त्याच्या टाचेला शेत लागलं.

त्यानं भोकं पाडून सिमेंटचा पातळ घोळ पंपानं खाली सोडला. जमिनीला गाल टेकवून तो बघत राहिला आणि स्लॅब हळूहळू वर आला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ नालीकडे गेलं.

"चाला बाबूजी, तुमचीच बांधी आहे."

बाबांनी काठी माझ्या हातात दिली, कोपऱ्यातली सायकल काढली आणि घंटी वाजवत निघाले. फाटक त्यानं आधीच उघडून धरलं होतं.