मत मागायला निघालेली स्टूलवाली

तिच्या काखेत कायम घडीचं स्टूल असायचं, म्हणून अख्खा वॉर्ड तिला स्टूलवाली म्हणायचा. वस्तीसुधार संस्थेत कामाला लागली तेव्हाच तिला काय ते कळून चुकलं होतं. तिच्या जमातीची घरं मूठभर, बोलण्याचा हेल वेगळा. रस्त्यापलीकडच्या घरांत तिला कुणी हाकलत नसे, पण बस असंही म्हणत नसे. रुसत बसण्याऐवजी तिनं स्वतःचं स्टूल घेतलं. दाराशी उघडायचं, बूड टेकायचं आणि विचारायचं, "काय अडलंय?" समोरची बाई भांडी घासता घासता भडाभडा बोलायची. असं ऐकून ऐकूनच तिनं गटारं उपसून घेतली, गल्लीत दिवे आणले आणि नगरपालिकेच्या एका पडीक खोलीत पाळणाघर सुरू केलं. रस्त्याच्या दोन्हीकडच्या बायका तिथं पोरं सोडून निर्धास्त कामाला जायच्या.

त्या खोलीवर नगरसेवकाच्या मेव्हण्याचा डोळा गेला. त्याला गोदाम पाहिजे होतं. ती विनवायला गेली, तर नगरसेवक दात कोरत म्हणाला, "मावशी, तुमच्या लोकांची मतं ती किती? चिमूटभर. त्यासाठी मेव्हण्याशी वाकडं घेऊ? घरी जेवायला मिळायचं नाही मला."

ती उठून आली. निवडणूक लागली तशी सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

प्रचार नणंदेनं अंगावर घेतला. नणंद शिवणकाम करायची, आणि तिच्या जिभेपुढं कात्री बोथट. दोघी दारोदार फिरू लागल्या. पण स्टूलवालीची खोड जाईना. बसायचं, ऐकून घ्यायचं, "बघते" म्हणून उठायचं. मत मागायचं राहूनच जायचं.

"वहिनी, मतं मागायला आलीयस की मोरी तपासायला?" नणंद रस्त्यातच कडाडली.

"अगं, तिची सासू अंथरुणाला खिळलीय. त्यात आपलं कुठं घुसडू?"

"मग खोलीत पोती रचली की सगळी पोरं तुझ्या सासूच्या मांडीवर ठेव!"

"माझी सासू म्हणजे तुझीच आई की."

"म्हणूनच सांगते. तिला झेपायचं नाही."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी नणंदेनं स्टूल हिसकावूनच घेतलं. "आज उभ्या उभ्या माग."

तशीच स्टूलवाली रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवालीच्या दारात गेली. इस्त्रीवालीची धाकटी पाळणाघरात असायची, आणि तिच्या शब्दावर सगळी गल्ली हलायची. पण तिनंही आजवर हिला बस म्हटलेलं नव्हतं. स्टूलवालीला हात कुठं ठेवावेत कळेना. "मी... यंदा मला..." पुढं गाडी सरकेना.

इस्त्रीवालीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्टूल कुठंय?"

"नणंदेनं घेतलं."

"आणि वसुलीवाल्यासारखी दारात काय उभी राहिलीस?" ती आत गेली, खुर्चीवरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बाजूला लोटला आणि खुर्ची ओढत बाहेर आणली. "बस."

खुर्ची डुगडुगत होती. कपड्यांची ऊब अजून तिच्यात होती. बूड टेकलं तसा स्टूलवालीला आवाज फुटला. "मला मत पाहिजे. नाहीतर पाळणाघराचं गोदाम होईल."

"अगं बये, मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस? मागत नाहीस म्हणजे आमची गरज नसेल, असं म्हणत होतो आम्ही!" इस्त्री विझवून ती तशीच गल्लीत घरोघर निघाली.

निकाल घासून लागला, पण लागला तो स्टूलवालीच्या बाजूनं. मूठभर घरांच्या जिवावर कुणी निवडून येत नसतं. तिला पलीकडच्या गल्लीनं तारलं. नगरपालिकेच्या पहिल्याच बैठकीत तिनं खोलीचा विषय लावून धरला, आणि खोली पोरांकडेच राहिली.

ते सांगायला ती इस्त्रीवालीकडे गेली. काखेत स्टूल होतंच. ते उघडणार तोच आतून आवाज आला, "ठेव ते बाजूला. खुर्ची बाहेरच आहे. खोलीचं कळलं मला, आता आमच्या कोरड्या नळाचं बोल."