तीन ठोके, मग एक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस... जे मोजता येत नाही ते नसतंच, असं भांडून सांगणारा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

माझं काम रेडिओ अँटेनांचं. ध्रुवाकडच्या बर्फात खोल, अरुंद भोकं पाडून त्या आत सोडतात. न्यूट्रिनो नावाचा आकाशातला कण बर्फात धडकला की रेडिओ लहरींचा बारीकसा ठोका उठतो, तो त्या पकडतात. पाठवण्याआधी अँटेना पारखून घ्यावी लागते. आणि अरुंद भोकं आमच्या मिरजगावाइतकी कुठं मिळणार! पाण्याचा पत्ता नाही, बोअर मात्र शिवारभर.

आमच्या कोरड्या विहिरीच्या तळाशी असाच एक बोअर आहे. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, नाना — माझे धाकटे चुलते — खाली उतरून अँटेनाची केबल धरून बसले. मी काठावर, लॅपटॉप घेऊन. आधी ठोके पाठवणाऱ्या डबीनं ओळखीचे ठोके पाठवले. सगळे बरोबर आले. मग डबी बंद केली, नुसती शांतता मोजायची होती.

स्क्रीनवर तीन ठोके आले. थोडं थांबून एक.

डबीची वायरच उपटली. परत तीन... आणि एक.

हे ठोके मी लहानपणापासून ओळखतो. माझे वडील, आबा, विहिरींतल्या मोटारी काढायचे. विहिरीत हाक घुमते, नीट कळत नाही, म्हणून खाली उतरलेल्याला खुणावायला ते काठावरून मोटारीच्या पाइपावर पाना वाजवायचे. तीन आणि एक म्हणजे, हातातलं टाक, वर ये. ही खूण फक्त आमच्या घरातली. आबांना जाऊन चार वर्षं झालीत.

घसा फाडून ओरडलो, "नाना, वर या! टाका ते!"

नाना आधीच शिडीला लागले होते. धापा टाकत वर आले. "आलो की! वरडतो कशाला? पाईप वाजीवला तवाच निघालो मी."

"कुठला पाइप, नाना?"

पाइप आम्ही कधीच मोडीत घातला होता. नाना काही बोलायच्या आत समोरची कड ढासळली. खाली तळाशी ते बसले होते, बरोबर त्याच जागेवर. अँटेना गाडली गेली.

नानांनी आभाळाकडं बघून हात जोडले. "दादा, लई उपकार झालं रं तुजं," आबांना, आपल्या मोठ्या भावाला, म्हणाले आणि ढसाढसा रडले.

फाइल शंभरदा तपासली, ठोके आहेत. ऑफिसच्या रिपोर्टात त्या ठोक्यांपुढं कारणाचा रकाना होता... मी 'नॉइज' लिहिलं, म्हणजे बिनकामाची खरखर.

आबांना मी नॉइज म्हणालो. ते अजून मनाला टोचतं.