नानांच्या जबड्यातला डावीकडचा स्क्रू

मित्रांनो, धुळ्याच्या दातांच्या दवाखान्यातून नुकताच घरी आलो. मन लागत नाही, म्हणून लिहितो.

चार महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांच्या, नानांच्या, खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले. पुढे त्यांवर दात बसणार होते. उजवीकडे हाड झिजलेलं, म्हणून हनुवटीचं थोडं हाड काढून तिथं भरलं. डावीकडचं हाड मूळचंच, भक्कम.

मला धास्ती भरलेल्या हाडाची. जेवताना रोज बजावायचो, "नाना, डावीकडूनच चावा." भाकरी, भाजलेल्या शेंगा, सगळं डावीकडून.

आज तपासलं, तर भरलेल्या हाडातला स्क्रू घट्ट आणि डावीकडचा हलतोय! तो काढावाच लागला.

डॉक्टर चिडले. "दोन्ही बाजूंना कडक नको, असं सांगितलं होतं ना? ऐकणार नसाल, तर पुन्हा बसवून उपयोग काय?"

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "मनीच चूक शे, डॉक्टरसाहेब. शेंगा दिख्यात का माले ऱ्हावास नही."

शेंगा दिसल्या की राहवत नाही म्हणत त्यांनी चूक स्वतःवर घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

उद्या एकट्याने जाऊन डॉक्टरांना खरं सांगावं म्हणतो. नानांना हे आवडणार नाही. तुम्ही काय केलं असतं?