डॉक्टरीण पाणी भरते

मेडिकल कॉलेजच्या चौथ्या वर्षी आम्हाला उन्हाळ्यात महिनाभर खेड्यात पाठवायचे. हे साठ सालच्या आगेमागे. आम्हा मुलींसाठी सरांनी शहराजवळची आरोग्य केंद्रं राखून ठेवली होती, घरून डबा येईल अशी. मी भांडून फुलसावंगीचं केंद्र मागून घेतलं. मी कळंबची. घरी मले-तुले बोलणारी आणि नागपूरला जाऊन मला-तुला शिकलेली. यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन मला नवं नव्हतं, हे मी सरांना जरा मोठ्यानंच सांगितलं. ते म्हणाले, "तोंड चालतंय तेवढंच काम चालू दे." तेवढं पुरे होतं मला. मी ट्रंक भरली.

फुलसावंगीत केंद्राच्या नर्सबाईंकडे माझी राहायची सोय झाली. गावापासून कोसभरावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. आजोबा-पणजोबांच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारी ही माणसं आता तिथं शेती करून राहिली होती. आपसात गोरबोली बोलत, माझ्याशी आमच्या वऱ्हाडीत. तांड्याला पाणी एकच, पायऱ्या उतरून भरायची बावडी. आणि दुखणंही एकच, नारू.

नारू आता समजावून सांगावा लागतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पाण्यातून पोटात जाणारा हा जंत अंगात वर्षभर गुपचूप वाढतो. मग पायावर एक फोड येतो, तो फुटतो आणि आतून शिजलेल्या शेवईसारखं पांढरं टोक डोकावतं. ते काडीला गुंडाळून रोज थोडंथोडं ओढायचं. घाई केली आणि तुटलं, तर पाय सुजून सडायला लागतो. त्यात जन्माचे लंगडे झालेले लोक मी पाहिलेत. फोडाची आग अशी होते की पाय थंड पाण्यात बुडवल्याशिवाय माणसाला राहवत नाही. तो बुडवला की नारू आपली पिलावळ पाण्यात सोडतो आणि तेच पाणी सगळा तांडा पितो. एवढी साधी साखळी. कुठंतरी एक कडी तोडली की झालं, असं पुस्तकात होतं.

मी पहिल्याच दिवशी निंबाखाली बायका जमवून व्याख्यान दिलं. पाणी फडक्यातून गाळून घ्या, नारू झालेल्यानं बावडीत उतरू नका. चित्रंसुद्धा दाखवली. बायका माना डोलवत होत्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बावडीवर गेले, तर पुढच्याच रांगेत बसून मान डोलवणारी एक सून खालच्या पायरीवर बसली होती. भरलेली घागर शेजारी, पाय पोटरीपर्यंत पाण्यात आणि डोळे मिटलेले. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला तिचा संताप आला.

"काहून उतरली तू? काल काय सांगितलं?"

तिनं डोळे उघडले, पाय मात्र काढला नाही. "आग होऊन राह्यली ना बाई."

मी तिला दंडाला धरून वर आणली. घोट्याच्या वर फोड फुटलेला होता आणि नारूचं टोक दिसत होतं. वय असेल विशीच्या आतबाहेर. नवरा गुरं घेऊन पैनगंगेच्या काठी चाऱ्याला गेलेला, घरात ती आणि सासू. मी टोक काडीला गुंडाळून पट्टी बांधली. सासूला बजावून सांगितलं, की नारू पुरा निघेपर्यंत ही बावडीत पाय ठेवणार नाही. हिचा पाय वाचवायचा आहे आणि तुमचं पाणीही.

सासू म्हणजे वाळलेलं लाकूड. हातभर बांगड्या, कपाळावर गोंदण, दोन्ही गुडघे धरलेले. तांड्यातली सगळी तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पानी कोन आनते? माह्ये गुडघे? का तू?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्या पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. शेजारणींना सांगा, असं मी म्हटलं, तर ती हसली. ज्याची त्याची घागर ज्याच्या त्याच्या डोक्यावर. वैशाखात पाणी तळाला गेलेलं, पायऱ्या वाढलेल्या, दुसऱ्याच्या घरचं कोण वाहणार? रोज येऊन 'उतरू नको' म्हणणारी मी उंटावरून शेळ्या हाकत होते, हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. कळलं म्हणून गप्प बसण्याचा माझा स्वभाव नाही. उलट माझं डोकं फिरलं.

"हो, मी," असं म्हणून मी घागर उचलली.

कळंबला आमच्याकडे रहाटाची विहीर होती. दोर ओढायची सवय होती, भरली घागर डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायची नव्हती. पहिल्या खेपेला निम्मं पाणी माझ्या पातळावर सांडलं. वर उभ्या असलेल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. "डॉक्टरीनबाई, पानी घरी न्यायचं हाय, का आंघोळ करून राह्यल्या?" असं एकीनं विचारलंही. मी पुन्हा उतरले. घर भरून झाल्यावर सुनेची काडी एक वेढा फिरवली आणि फुलसावंगीला परतले. मान अशी आखडली होती की नर्सबाईंना तेल चोळावं लागलं. उद्या जाऊ नका, असं त्या म्हणाल्या. मी गेले. परवाही गेले.

आगीचं काय करायचं, तेही मनात घोळत होतं. थंडावा तर हवाच, तो नाकारणं हा नुसता जुलूम झाला असता. मग गोठ्यामागं एक खड्डा खणून घेतला. सुनेला त्याच्या काठावर बसवून सांगितलं, की आग झाली की इथं लोट्यानं पाणी ओत, हवं तेवढं ओत, ते जमिनीत जाऊ दे. ती दिवसातून कितीदा तरी ओतायची. त्यामुळे माझ्या खेपा वाढल्या, पण तक्रार कुणाकडे करणार?

आपण तांड्याची सेवा करतोय असं मला वाटत होतं. तांड्याला वेगळंच दिसत होतं. फुलसावंगीच्या आठवडी बाजारात बोलणं सुरू झालं आणि ते थेट तांड्याच्या नाईकाच्या कानावर गेलं. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, पांढऱ्या मिशांचा भारदस्त माणूस. मी घागर घेऊन चढत होते, तेव्हा तो बावडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"बाई, घागर ठेव."

"घर भरून ठेवते."

"बाजारात लोक मले काय म्हनतात, ठाऊक हाय? म्हनतात, तांड्याचा लय रुबाब झाला, डॉक्टरीन याह्यच्या घरी पानी भरते."

मी हे बोलणं अगदी सरळ अर्थानं घेतलं होतं. भरतेच आहे, त्यात काय? पण पाणी भरणं म्हणजे चाकरी करणं, हे आपण रोज बोलतो आणि मी आठवडाभर तेच करून दाखवत होते. पाहुणी आलेली, शिकलेली लेक तांड्यात येऊन चाकरणीचं काम करते आणि तांडा बघत बसतो. नाईकाच्या लेखी ही सगळ्यांच्या तोंडाला लागलेली काळोखी होती. तो चिडला नव्हता, शरमला होता. ते ओळखल्यावर मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला वाटही दिसली.

"मी महिनाभर भरीन," असं मी म्हटलं. "तिचा नारू निघाला की दुसऱ्या घरचं. ज्या घरात नारू, त्या घरचं पानी माह्याकडे."

"असं कसं चालन?"

"मंग कोन भरन, ते तुमी ठरवा. नारूवाला मानूस मात्र मी खाली उतरू देनार नाई."

नाईक दोन पायऱ्या उतरून आला. मग त्यानं माझ्या डोक्यावरची घागर स्वतः उतरवून घेतली.

त्या संध्याकाळी तांड्याची पंचायत बसली आणि ठरलं: बाहेरच्या माणसानं तांड्यात पाणी भरायचं नाही. ज्या घरात नारू असेल, तिथं शेजारच्या घरांनी पाळीनं भरायचं. नारूवाल्यानं बावडीत उतरायचं नाही, उतरला तर दंड. त्या ठरावात माझ्या व्याख्यानातला एक शब्दही नव्हता. जंत नाही, पिलावळ नाही, चित्रं तर नाहीतच. सगळा ठराव इज्जतीपोटी झाला होता. शिकलेपणाचा अहंकार मला थोडा चावला, हे कबूल करते. पण मला साखळी तोडायची होती, पाठ म्हणवून घ्यायचे नव्हते. त्यांनी कारण त्यांचं घेतलं, काम माझं झालं. कुठल्याही गावाला काही करू नका असं सांगायच्या आधी ते काम मग कोण करणार, हे विचारायचं, एवढं मी तिथून घेऊन आले. पुढं डॉक्टर म्हणून हिंडले, तेव्हा औषधांच्या पेटीपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडलं.

महिना संपता संपता सुनेचा नारू अखंड निघाला. शेवटचं टोक सुटून काडीवर आलं, तेव्हा तिनं पाय हलवून पाहिला आणि ती हसली. मला मात्र रडू आलं. याडीनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "पाय तिचा, आन् रडून तू राह्यली."

पण नारूचा निकाल वर्षानंतर लागतो. पंचायतीचा धाक किती दिवस टिकेल? पुढच्या वैशाखात कुणाच्या पायाची आग झाली आणि बावडी दहा पावलांवर असली, तर तो थांबेल का? वर्षभर वॉर्डात हिंडताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. सुट्टी लागली, तेव्हा आई म्हणाली, मुलगा बघायला येणार आहे. मी म्हटलं, त्याला पुढच्या महिन्यात बोलाव, मला फुलसावंगीला जायचंय. आईनं कपाळावर हात मारला.

तांड्यावर पोहोचले, ती थेट बावडीकडे वळले. वरच्या पायरीवर याडी बसली होती आणि तिच्या घोट्याला पट्टी होती. पट्टीतून काडी बाहेर आलेली. एवढं करून सगळं पाण्यात गेलं, असं वाटलं. मग डोकं जाग्यावर आलं. हा नारू गेल्या वर्षीच्या पाण्यातला, ठरावाच्या आधीचा. तो यायचाच होता.

मी लांबच थांबून बघत राहिले. ऊन तापलं होतं. तिचा पाय जळत असणार, कारण ती सारखी फुंकर घालत होती, दात आवळत होती आणि खालच्या पाण्याकडे बघत होती. पाणी तिच्या डोळ्यांपुढं होतं आणि अडवायला कुणी नव्हतं. ती उतरली नाही. उलट हातात काठी घेऊन वाटच अडवून बसली होती. लंगडत आलेल्या एका दांडग्या गड्याला तिनं काठी आडवी लावली. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "याडी, लय आग होते गं." तिनं स्वतःचा पाय त्याच्यापुढं केला आणि म्हटलं, "मले काय गारवा लागून राह्यला? जाय, खड्ड्यावर बस." तो मुकाट्यानं परत फिरला.

मी पुढं झाले. माझा आनंद माझ्या तोंडावर मावत नसणार. पाणी किती खाली गेलंय ते बघावं म्हणून मी पायरीवर पाऊल टाकलं, तर काठी माझ्याही आडवी आली. तिनं मला ओळखलं होतं, डोळ्यांत ते दिसत होतं. पण काठी हलली नाही.

"आधी पाय दाखव," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, पातळ घोट्यांच्या वर उचललं आणि तिच्यासमोर उभी राहिले. तिनं वाकून एक पाय बघितला, मग दुसरा. मग काठी बाजूला घेतली.