मोटर ऐकणारा माणूस

ऐंशीच्या दशकात आमच्या विणकर सोसायटीची सभा भरली की जागेअभावी बायका बाहेर मांडवात बसत. त्यांना आतलं टीव्हीवर दिसावं म्हणून दुरून बटणांनी फिरवता येणारा कॅमेरा भाड्यानं घ्यायचं ठरलं. निवडायला मी सीताबर्डीच्या एका दुकानात गेलो.

तिथल्या किडकिडीत मेकॅनिकनं दोन कॅमेरे लावले. मला मोठा आवडला. तो मात्र डोळे मिटून दोन्ही आळीपाळीनं फिरवत होता.

"डोळे काहून मिटले गा?"

"मोटर ऐकून राहिलो, भाऊ. मोठा लय घरघरते. कॅमेरा आपल्याकडं वळून राहिला हे समजलं, तं साधा माणूस बोलता बोलता चूप होऊन जाते. लहानाच न्या."

मोठ्याचं भाडं जास्त होतं, त्यामुळे दुकानाचे मालक त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होते. त्यानं लक्षच दिलं नाही. मी लहान कॅमेराच घेतला.

सभेला बटणं सांभाळायला तोच आला. एक म्हातारे विणकर आयुष्यात प्रथमच बोलायला उभे राहिले. सूत मिळत नाही, माग बंद पडले, असं हळू आवाजात सांगू लागले. कोपऱ्यातून मेकॅनिकनं अलगद बटण दाबलं. कॅमेरा निमूट वळला. म्हातारे अडखळले नाहीत.

एवढ्यात मांडवातून त्यांची बायको ओरडली, "बराबर बोलून राहिले ते!"

आमच्या सभेत एका बाईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.